झारी माझ्या बादलीपाशी आली आहे

मी एक जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! शिळ्या पावावर येते ती माझी लांबची नातलग. मी कॉफीच्या रोपवाटिकेत राहते, शेणखताने भरलेल्या एका बादलीत, ओल्या गोणपाटाखाली.

मला इथल्या सासूबाईंनी वाढवलं. उकडलेल्या धान्यावर मी हिरवीगार पसरले, मग त्यांनी मला शेणखतात मुरवलं. दर हंगामाला त्या विरजणासारखी थोडी राखून ठेवत. कॉफीचं रोप मोठं गमतीचं, स्वतःचं बी डोक्यावर घेऊन वर येतं. तेव्हा मी खाली त्याच्या मुळांना बिलगून असे. खतातलं अन्न सुटं करून त्यांना देई आणि मुळं कुजवणाऱ्या दुष्ट बुरशीला खाऊन टाकी. "हिच्या जिवावर माझी रोपं," असं सासूबाई सांगत, तेव्हा मी फुगून जाई.

यंदा वाटिका सुनेच्या हाती आली. बिचारी फार कष्टाळू. पण मातीत मला मिसळायचं राहून गेलं आणि मायेपोटी तिने सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं. अति तिथे माती! दुष्ट बुरशी शिरली. रोपं बुडाशी काळी पडून माना टाकू लागली. सून वाफ्यांमध्ये बसून रडली. इकडे मी तळमळत होते. मला बाहेर काढा, अजून काही वाचतील, असं ओरडावंसं वाटे. पण मला तोंड कुठे आहे?

आज तिने बुरशीनाशकाची झारी भरली आणि पहिल्यांदा माझंच गोणपाट उचललं.

"आई, हे बघा! रोग इथूनच पसरलाय."

"अगं, ती चोर नाही, राखणदार आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बुरशी ती बुरशी! सगळी रोपं गेल्यावर पटणार आहे का तुम्हाला?"

सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. तरी त्या कण्हत खाली बसल्या आणि त्यांनी बादली मांडीवर घेतली. "ओत आता. आधी माझ्यावर ओत."

सून थबकली आहे. झारी अजून तिरकीच आहे. मित्रांनो, मी भीतीने अर्धमेली झाले आहे. हे विरजण गेलं तर दुसरं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे खरं. पण जाळणाऱ्याने आधी हात लावून बघायला नको का? औषध ओतण्यापूर्वी आपलं कोण आणि परकं कोण, एवढं तरी विचारा.

कोपऱ्यात एक रोप आत्ताच बी डोक्यावर घेऊन उभं राहिलं आहे. त्याची मान अजून हिरवी आहे. मला त्याच्यापाशी जाऊ द्या.