चांदाची माती

न्हाणीतून येऊन यास्मिननं बॅग उलटी केली, कपडे झटकले. काचेची कुपी नव्हती. मग ती दिसली, स्वयंपाकघराच्या फळीवर. लाखेचं बूच फोडलेलं, आत सुरम्याची सलाई खोचलेली.

आज तिचा भाऊ अक्रम याच्या लेकीचा, अलिजाचा, चाळिसावा दिवस. लेकराच्या डोळ्यात पहिला सुरमा घालायचा म्हणून परंड्याचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. घालणार होती यास्मिनची अम्मी, सरदारबी.

चूक यास्मिनचीच. पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून तिनं ती चिमूटभर काळी पूड तयार केली होती, गावातल्या शाळेत दाखवायला आणली होती. चंद्रावर हवेचं पांघरूण नाही. सूर्याकडून येणारे कण आणि बारीक उल्का तिथल्या मातीला कोट्यवधी वर्षं झोडपत राहतात. माती वितळून तिची काच होते, काचेत लोखंडाचे सूक्ष्म कण बसतात आणि ती काळवंडते. यास्मिननं दगडाच्या राखाडी भुकटीवर निर्वात पेटीत लेसर मारून तेच घडवलं होतं. परवा अम्मीनं कुपी उजव्या डोळ्याजवळ धरली, कारण डावा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला, आणि विचारलं, "हे काय गं?" एवढं सगळं कोण सांगत बसणार? "चांदाची माती," म्हणून ही मोकळी झाली. शिकलेल्या लेकींना आईशी दोन वाक्यं जास्त बोलायचा भारी कंटाळा.

सीना नदीच्या वाळूला पाणी घासून गुळगुळीत करतं. या मातीला ना वारा ठाऊक, ना पाणी. तिचा कण न् कण म्हणजे फुटकी काच. हे तर तिनं सांगितलंच नव्हतं.

ती धावतच ओसरीवर आली. अम्मीच्या मांडीवर अलिजा लालबुंद होऊन रडत होती. डोळ्यांभोवती काळं फासलेलं.

"अम्मी, काय केलंत हे!" यास्मिननं पोर हिसकावून घेतली. "पाणी आणा कुणीतरी! गाडी काढा!"

"अगं, काजळ हाय ते. तुझ्या भाभीनं लावलंय. पोरगी भुकेनं रडायलीय."

"आणि फळीवरचा सुरमा?"

"तिला अजून कुठं घातलाय? नवा सुरमा आधी म्या घालून बघते. तुला न्हाय, अक्रमला न्हाय, कुणालाच असा न बघता घातला न्हाय कधी."

यास्मिनच्या जिवात जीव आला. तिनं अलिजाला छातीशी धरून मुके घेतले. मग तिची नजर अम्मीच्या तोंडाकडे गेली.

"कोणत्या डोळ्यात घातलात?"

"चांगल्या. मेलेल्या डोळ्याला काय कळतंय, झोंबतो का न्हाय ते?" सरदारबी हसली. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. "लई तेज हाय बघ तुझी चांदाची माती."

"अम्मी, चोळू नका!" यास्मिन ओरडली.

पण अम्मीनं पदराचा बोळा केला होता, आणि ती डोळा जोरजोरात चोळत होती.