ओडेसा फुटपाथवर गायली तो रविवार

या, जरा सरकून जवळ बसा, मागं कोणी राहू नका. अटलांटाच्या ओडेसाची गोष्ट ऐकवायची आहे. तिच्यात भजन आहे, देवही आहे, पण म्हणून ती गोड असेल असं समजू नका. सांगताना अजून माझं डोकं तापतं, आणि हा राग मी देवापासूनही लपवलेला नाही.

जन्मानं तो लेम्युएल टॉलिव्हर. अंगावर गाऊन चढला, विग बसला, की ती ओडेसा व्हेल. तिच्या माणसांना यात काही अवघड वाटत नसे, तुम्हालाही वाटू नये. आई लवकर गेली, तेव्हा व्हर्डेल मावशीनं त्याला वाढवलं. मावशी आठवडाभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची आणि रविवारी चर्चच्या दारात सेवेला उभी राहायची. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी दुमडलेला. तोंडातून शब्द नाही, उजव्या हाताच्या नुसत्या खुणेवर ती माणसं जागेवर बसवायची. प्रार्थना चालू असताना तिनं तळहात वर धरला, की पाद्र्याची बायकोसुद्धा दारातच थांबायची. देवाशी बोलणं चाललेलं असताना मधून चालायचं नाही, हे तिथल्या लेकरांना चालायला शिकतानाच शिकवतात.

लेम्युएल गायकवृंदात होता. त्याचा आवाज लागला की बायांच्या हातातले पंखे थांबायचे. मग एका रविवारी पाद्र्यानं नाव न घेता, पण थेट त्याच्याकडे बोट रोखून, बायकी पोरांवर प्रवचन झोडलं. प्रवचनाच्या शेवटी गायची पाळी लेम्युएलची होती. पाद्र्यानं त्याला गायलाही लावलं. शिव्याही त्यालाच आणि गळाही त्याचाच. गाणं संपवून त्यानं गायकवृंदाचा झगा घडी करून बाकावर ठेवला आणि बाहेर पडला तो कायमचा.

पुढं तो सिल्व्हर हेरॉन क्लबात ओडेसा झाला. तिथं बाईच्या वेषात येणाऱ्या इतर जणी तबकडीवरच्या गाण्याला नुसते ओठ हलवायच्या. ओडेसा स्वतःच्या गळ्यानं गायची. रविवारी दुपारच्या खेळात शेवटचं गाणं देवाचं. तिच्यासारखीच चर्चनं हाकललेली सगळी काळी पोरं तिथं हात वर करून रडायची, हसायची, "सावकाश, बाई, सावकाश घे" म्हणून तिला उभारी द्यायची. कीर्तनात टाळकऱ्यांशिवाय बुवा जसा एकटा, तशी ती या उत्तरांशिवाय एकटी.

पण गेल्या वर्षभरात ही तोंडं कमी होत चालली होती. ओडेसा चिडायची.

"तुम्ही लोक घरी कोंबडी चापत बसता, आणि मी इथं कुणासाठी मरते?" ती पीचेसला म्हणायची. पीचेस तिचा विग बसवायचा, तिची भांडणंही निस्तरायचा.

"राणीसरकार, पुढच्या दारात एकदा येऊन बघा. काळा माणूस दिसला की फोटोची तीन ओळखपत्रं मागतात."

"तीन? पोपला तरी मिळतील का? कारणं सांगू नकोस."

कलावंत मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून यायचे. पुढचं दार तिनं कधी वापरलंच नव्हतं. म्हणून तिनं स्वतःच्याच माणसांना खोटं ठरवलं.

अशात व्हर्डेल मावशी यायला कबूल झाली. दारू विकतात तिथं पाय ठेवणार नाही म्हणून तिनं किती वर्षं काढली होती. फोनवर म्हणाली, "तुझ्या जागी आणलेला पोरगा बेडकासारखा ओरडतो रे. मरायच्या आधी एकदा नीट गाणं ऐकू दे. चर्च सुटलं की तशीच येते."

ओडेसानं पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली. तिला त्या दिवशी एवढंच हवं होतं, मावशीनं तिला या रूपात गाताना बघावं. दुसरं काही नाही.

शेवटचं गाणं आलं. खुर्ची रिकामीच. ओडेसानं पहिली ओळ टाकली आणि उत्तरासाठी थांबली. उत्तर नाही. समोर सगळे गोरे चेहरे, कौतुकानं बघणारे, हातात ग्लास. त्यांनी टाळ्या धरल्या, पण नको त्या ठेक्यावर. दुसरी ओळ टाकली. पुन्हा तेच. भर गर्दीत कोरड्या विहिरीत हाक मारल्यासारखं झालं. तेवढ्यात पीचेस रंगमंचाच्या कडेला आला.

"मावशी बाहेर आहे," तो म्हणाला. "आत सोडत नाहीत."

ओडेसानं माईक खुर्चीवर ठेवला आणि गाऊन उचलून गर्दीतून सरळ पुढच्या दाराकडे निघाली.

बाहेर लख्ख ऊन. दारवान डेल हाताची घडी घालून उभा. त्याच्यासमोर मावशी, चर्चच्या पांढऱ्या गणवेशात, हातमोजे न काढता. मागं दहा-बारा काळी पोरं.

"हॉस्पिटलचं कार्ड दाखवलं, बसचा पास दाखवला," मावशी सांगत होती. "मी गाडी चालवत नाही, बाळा, लायसन्स कुठून आणू?"

दोन गोरी पोरं तिच्या बाजूनं हसत आत गेली. डेलनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मालक स्ट्राउड धावत आला. "ओडेसा, गाणं अर्धं टाकून इथं काय करतेस?"

"मिस्टर स्ट्राउड, ही माझी मावशी."

"असेल. नियम सगळ्यांना सारखा."

"आत्ता आत गेले त्यांना?"

"त्यांना मी ओळखतो." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, तुला कधी कार्ड विचारलंय? तू आमच्या घरातली आहेस."

"घरातली," ओडेसा म्हणाली. "म्हणून खरकट्याच्या डब्यांजवळून आत घेता."

"आत जा. नाहीतर परत यायची गरज नाही. आणि या वेषात भर रस्त्यावर उभी राहिलीस तर पोलीस काय करतील ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तिच्या कित्येक मैत्रिणींना त्यांनी विग धरून गाडीत कोंबलं होतं.

मावशीनं तिचा हात धरला. "मी घरी जाते, बाळा. तुझं पोट आहे यावर."

"आणि तुझं गाणं?"

"फोनवर ऐकव."

आयुष्यभर जिनं सगळ्या जगाला दारातून आत नेलं, तिला या माणसानं दारात उभं केलं होतं, आणि वर सांगत होता नियम आहे. ओडेसानं टाचांचे बूट काढून पीचेसच्या हातात दिले, फुटपाथवर अनवाणी उभी राहिली आणि पहिल्यापासून गाणं धरलं.

पोरांनी योग्य ठेक्यावर टाळी धरली. "सावकाश, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

मावशीनं डावा हात पाठीशी नेला, पाठ ताठ केली आणि सेवेला लागली. पांढऱ्या हातमोज्याच्या खुणेनं तिनं रांग मोडून माणसं कठड्यावर बसवली, थांबलेल्या वाटसरूंतल्या म्हाताऱ्यांना सावलीत, उंच पोरांना मागं. आतूनही काही जण बाहेर आले. गोरेही आले, त्यांनाही तिनं जागा दिली, कार्ड न विचारता.

पोलिसांची गाडी आली. स्ट्राउडनंच बोलावली असणार. आतून एक काळा शिपाई उतरला आणि हातकड्यांवर हात ठेवून ओडेसाकडे निघाला. मावशी त्याच्यासमोर गेली नाही, ओरडली नाही. जागेवरूनच तिनं तळहात वर केला.

शिपाई थांबला. पाय जणू आपोआपच थांबले. त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मला ड्यूटी करायची आहे."

"कर की. आमेन होऊ दे."

ओडेसानं आमेन लवकर होऊच दिलं नाही. ती गात राहिली, लोक उत्तरं देत राहिले, आणि मावशी डोळे मिटून डोलत राहिली. शेवटी शिपायानं वहीत काहीतरी खरडलं, "आता घरी जा सगळे," म्हणाला आणि निघून गेला.

ओडेसाची नोकरी त्याच दिवशी गेली. शहरातल्या इतर क्लबांनीही तिला दार बंद केलं; स्ट्राउडचे मित्र सगळीकडे होते. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच फुटपाथवर उभी राहिली, आणि त्याच्या पुढच्याही. नगरसभेत उभी राहून तिनं विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांच्या खिशात आत्ता फोटोची तीन ओळखपत्रं आहेत?" सभासद खाकरले. तीन कार्डांचा नियम उठायला वर्षं लागली, पण उठला. दरम्यान तिच्या गाण्याला येणाऱ्या पोरांना एड्स या तेव्हाच्या नव्या आजारानं गाठलं. ज्या पाद्र्यांनी त्यांच्या गळ्यावर आपली चर्चं भरवली, त्यांनी त्यांना पुरायलाही नकार दिला. मग त्यांच्या कबरींवरही ओडेसाच गायली.

आणि आता ऐका. सिल्व्हर हेरॉनचा मोठा वर्धापनदिन झाला. भिंतीवर पितळी पाटी लागली: सर्वांसाठी दार उघडणारे श्री. गार्विन स्ट्राउड. टाळ्या झाल्या. ओडेसाचं नाव कुणी घेतलं नाही. ती तेव्हा सार्वजनिक दवाखान्याच्या खाटेवर शेवटचे श्वास मोजत होती, आणि उशाशी एकटा पीचेस.

मी ती पाटी खरवडू शकत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. आज दिव्यापाशी हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमध्ये आणखी एक नाव घ्या. ओडेसा व्हेल म्हणा, लेम्युएल म्हणा, देवाला दोन्ही कळतात. पण तिची आठवण ठेवा.