वेळेवर येणारं यंत्र

आमचे हे कुठेही वेळेआधी पोहोचतात. लग्नाला जातात तेव्हा खुर्च्या अजून टेम्पोतून उतरत असतात. गाणं संपायच्या आत टाळ्या वाजवतात, आणि मी "अहो, ऐकलंत का" म्हणायला तोंड उघडलं की "हो" म्हणून मोकळे होतात. या "हो"वर मी अख्खा संसार केला. त्यामुळे परवा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तू हो म्हणालीस तरच घेऊ," तेव्हा मला धडकीच भरली. माझ्या "हो"ला एवढा भाव कधी आला नव्हता.

घ्यायचा होता एक जुना, वापरलेला गिटार सिंथेसायझर. दिसायला गिटारच, पण तिची एक जाड केबल पायाशी ठेवलेल्या पेटीत जाते. तार छेडायची गिटारची, आणि पेटीतून आवाज निघतो बासरीचा, ट्रंपेटचा, म्हणाल त्याचा. ह्यांनी तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवला होता तसाच, त्याच बनावटीचा. फोनवर जाहिरात पाहिल्यापासून ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

आता माझंही सांगते, म्हणजे त्या "हो"चं वजन कळेल. त्याच ऑर्केस्ट्रात मी व्हायोलिन वाजवत असे. मला सगळे व्हायोलिनबाई म्हणत. दिवसा टेलिफोन ऑफिसात नोकरी, ती सुटली की बस, आणि बस कायम उशिरा. मी धापा टाकत सरावाच्या खोलीत शिरले की ऑर्केस्ट्राचे मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे. एके दिवशी शिरले तर माझ्या खुर्चीवर ती पेटी, खोक्यातून नुकतीच काढलेली, आणि मास्तर तिच्यावरून स्वतःचा रुमाल फिरवत होते.

"बाई," ते म्हणाले, "राग मानू नका. पण यंत्र कधी उशिरा येत नाही."

बासरीवाले आणि ट्रंपेटवालेही त्याच संध्याकाळी घरी गेले. मला ऑर्केस्ट्रातून काढलं आणि महिन्याभरात ह्यांनी मला मागणी घातली. भरपाई म्हणून घातली, असं मी अजून चारचौघांत सांगते. व्हायोलिन कपाटावर गेलं ते गेलंच.

तर ते यंत्र आता म्हातारपणी माझ्याच घरी राहायला येऊ बघत होतं.

घरात सभा भरली. लेक म्हणाली, "बाबा, आधी ती व्यायामाची सायकल काढा. तिच्यावर टॉवेल वाळतात." जावईबापूंनी असलं वाद्य जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत अगदी पक्कं होतं. त्यांनी व्हिडिओ पाहून पाहून "जुन्या सर्किटची ऊब" असा काहीतरी शब्द पैदा केला होता.

"म्हणजे गरम होतं का ते?" मी विचारलं.

"नाही आई. ऊब म्हणजे... ते ऐकावं लागतं."

"मग ऐकूनच येऊ."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फितूर झाले. मला खरं तर त्याचं तोंड बघायचं होतं. ज्याने आपल्याला खुर्चीवरून उठवलं तो आता कसा दिसतो, हे बघायची हौस कुणाला नसते?

विकणारा तिसऱ्या मजल्यावर राहत होता. खोलीभर जुनी यंत्रं भिंतीला टेकून आरामात, आणि माणसांना बसायला एक स्टूल. त्याने हातमोजे घालून पेटीवरचं कापड काढलं. एका कोपऱ्याला चांगला पोचा आला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"तो इतिहास आहे, आजी."

"आणि हे बटण फिरतच नाही."

"ते जरा हट्टी आहे. त्या काळातल्या यंत्रांना स्वभाव असतो."

त्या काळातल्या माणसांना मात्र नुसते आजार असतात.

ह्यांनी गिटार गळ्यात घातली. बासरी वाजवली, ट्रंपेट वाजवला. बोटं अडखळली, पण ताल चुकला नाही. मग व्हायोलिनचं बटण दाबलं. सर्दी झालेला डास खोलीत फिरावा, तसा आवाज आला. मी ऐकतच राहिले. इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली होती की माझी जागा माझ्याहून चांगल्याने घेतली.

"द्या बघू इकडे," म्हणून मी गिटार मांडीवर घेतली आणि जाड तार छेडली. काहीच नाही. "बिघडलंय," म्हणेपर्यंत आवाज आला. पुन्हा छेडली. पुन्हा तेच. आधी तार, मग थोडा विचार, मग आवाज.

"अहो, हे तर उशिरा येतंय!"

विकणारा घाईघाईने म्हणाला, "जाड तारांवर वेळ लागतो, आजी. सूर कोणता ते यंत्राला ओळखावं लागतं ना. तोच तर याचा आत्मा आहे."

"मग तुमचं कसं वेळेवर आलं?" मी ह्यांना विचारलं.

हे केबलशी चाळा करत म्हणाले, "मी जरा आधीच छेडतो. मास्तरांनी शिकवलं तसं. म्हणाले, यंत्र मागे राहतंय ना, मग तू पुढे हो. कित्येक दिवस नुसता तोच सराव घेतला माझ्याकडून."

"म्हणजे मास्तरांना ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला हसूच फुटलं. माझी बस उशिरा यायची, तर मास्तरांना सराव जरा पुढे ढकलता आला नाही. यंत्रासाठी मात्र त्यांनी अख्खा माणूस पुढे ढकलला, आणि असा ढकलला की तो अजून जागेवर आलेला नाही. त्यालाच मी रोज जेवायला वाढते. टेम्पोतल्या खुर्च्या, अर्ध्या गाण्यावरच्या टाळ्या, प्रश्नाआधीचा "हो", सगळी या पेटीची कृपा.

"घ्यायचा का?" ह्यांनी विचारलं. माझं उत्तर मी द्यायच्या आधी दिलं नाही. केबलचं टोक मुठीत धरून नुसते बघत होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

मी मुद्दाम वेळ लावला.

"घ्या," मी म्हटलं. "बासरी वाजवा, ट्रंपेट वाजवा. व्हायोलिनच्या बटणावर चिकटपट्टी लावायची. त्या कामाला घरात माणूस आहे."

"चिकटपट्टी?" विकणारा कळवळला. "आजी, मूळ रंग जाईल!"

"जाऊ दे. इतिहास होईल." मग ह्यांना म्हटलं, "आणि आधी छेडायचं नाही. वेळेवर छेडायचं. ते येईल तेव्हा येईल."

व्हायोलिन कपाटावरून खाली आलं. गजाच्या केसांना कसर लागली होती, ते नवे बसवून आणले. बोटं माझीही आता हट्टी झाली आहेत. लेक म्हणते, तुमच्या दोघांचं वाजणं म्हणजे गाणं की भांडण तेच कळत नाही.

हे तार छेडतात आणि अस्वस्थ होऊन पेटीकडे बघतात. मी गज उचलून थांबते. थांबायचं मला जमतं. मी बसने जायचे.