गॅस दिला, प्लास्टर नाही

आमच्या प्रयोगशाळेच्या उंदीरघरात मी एकोणीस वर्षं आहे. इथे सगळे मला मामा म्हणतात. हक्काने कामं सांगणाऱ्या भाच्यांना तोटा नाही, आणि त्यांतली सगळ्यात उतावळी म्हणजे आमची पीएचडीवाली.

तीन वर्षं तिचा एकच प्रश्न होता: पाय प्लास्टरमध्ये अडकला की स्नायूच्या पेशींत काय होतं? पेशी आपलं मोडकंतोडकं सामान फोडून त्यातूनच नवं बनवतात. पाय हलेनासा झाला की ही फोडाफोडी फार वाढते, असं तिचं म्हणणं.

"घर आवरायला काढावं आणि चांगली भांडीही भंगारात जावीत, तसं बघा मामा."

दुसऱ्या दिवशी पेपर पाठवायचा होता. ती चार आलेख घेऊन नाचतच आली. मला आलेखातलं ओ की ठो कळत नाही, पण माझे उंदीर मला ठाऊक असतात.

"प्लास्टर घालताना यांना गॅस देऊन झोपवलं होतंस ना?"

"मग? नाहीतर चावतात की!"

"आणि बिनप्लास्टरच्यांना?"

"त्यांना कशाला झोपवू?"

बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. दिसलेला फरक प्लास्टरचा की गॅसचा, हे सांगायला तिच्याकडे एकही उंदीर नव्हता. मला वाटलं, कुणी सांगितली होती ही नसती उठाठेव? गप्प बसलो असतो तर पोरगी सुटली असती.

ती तडक सरांकडे गेली आणि पेपर थांबवून आली. सर तापले म्हणे. मग मी नव्या पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या: 'गॅस दिला, प्लास्टर नाही.' तपासणीला गेलेला उंदीर परत येत नाही. एकोणीस वर्षांनीही मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून तिला बजावलं, "या वेळी नीट मोज. पुन्हा मागायला आलीस तर दार उघडणार नाही."

दीड महिना ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही आपला पिंजरे धूत राहिलो, पण घास गोड लागत नव्हता. मग एका सकाळी ती दारात उभी राहिली.

"मामा, नुसत्या गॅसनेही फोडाफोडी वाढते. पहिल्या दिवशी तर प्लास्टरवाल्यांइतकीच."

"म्हणजे सगळं पाण्यात?"

"तीन आलेख गेले. ते पहिल्या दिवसाचेच होते. पण सातव्या दिवशी गॅसवाले पूर्ववत झाले, आणि प्लास्टरवाल्यांची फोडाफोडी चालूच! चौथा आलेख टिकला, मामा."

"चारातला एक," मी चाचरत म्हणालो. "माझ्यामुळे तीन गेले तुझे."

"ते तिन्ही आलेख मी डोळे मिटूनच काढले होते हो. पेपर छापून आल्यावर कुणीतरी हेच विचारलं असतं." ती खुदकन हसली. "आता जगात कुणालाही विचारू द्या. चला, चहा पाजते."

मी हात पुसले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पिंजरे अर्धे धुतलेले सोडून निघालो.