आयोडीनचे सुटे कागद

प्रयोगशाळेत ती त्याला सर म्हणायची आणि घरी दादा. दादानेच तिला इथे चिकटवून दिलं होतं. हे तो चारचौघांत कधी बोलत नसे, पण तिला विसरूही देत नसे.

तिच्या ताब्यात काचेच्या नळ्यांचं, कपाटाएवढं एक यंत्र होतं. त्याचे लाड संपत नसत म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. काम एकच, पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तोही विजेने नाही, उष्णतेने. पाण्यात आयोडीन आणि गंधकाचा वायू मिसळला की दोन आम्लं तयार होत. ती वेगळी करून तापवली की एकातून हायड्रोजन सुटे, दुसऱ्यातून ऑक्सिजन, आणि आयोडीन नि गंधकाचा वायू परत हाती येत. तीच रसायनं पुन्हा फिरवायची. "खर्च फक्त पाण्याचा," दादा पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे माना डोलवायचे.

जावईबापूंच्या पोटात मात्र आयोडीन अडकून बसायचं. नळी जिथे गार पडे तिथे काळे खडे धरायचे. दर पाळीला ती सांधे तापवून खडे सोडवायची आणि वरून मूठभर नवं आयोडीन घालायची. वहीत तसं लिहिलं, तेव्हा दादाने ते पान तिच्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं.

"असलं सुट्या कागदावर लिहीत जा. वहीत नव्व्याण्णव टक्के परत, एवढंच."

"पण दादा, ब्याऐंशीच येतं."

"इथे सर. मोठ्या कारखान्यात नळ्या रुंद असतात, तिथे हा त्रास नसतो. तुला एवढं कळत असतं तर..." त्याने पेन पुढे केलं. तिने सही केली. पुढच्या सह्यांना फार वेळ लागला नाही.

दोन वर्षांनी त्या आकड्यावर शहराबाहेर तीन मजली कारखाना उभा राहिला. दादाचा फोटो पेपरात आला. एकोणिसाव्या दिवशी तिथली नळी खड्यांनी चोंदली, दाब वाढला आणि सांधा फुटला. खाली उभ्या ऑपरेटरच्या तोंडावर उकळतं आम्ल आलं. माणूस वाचला, डोळे गेले.

चौकशीला तिघे जण बसले. दादा म्हणाला, "मी आकड्यांवर विश्वास ठेवला. नोंदी बाईंच्या हातच्या आहेत." जन्मात पहिल्यांदा तो तिला बाई म्हणाला.

तिने जपून ठेवलेले सुटे कागद टेबलावर ठेवले. अध्यक्षांनी ते एकेक करून उलटले.

"अक्षर तुमचंच. यावर सरांची सही कुठे आहे?"

"नाही."

"म्हणजे खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि वहीत तुम्ही दुसरंच लिहिलंत."

नोकरी तिची गेली. दादाला नव्या प्रकल्पावर सल्लागार नेमलं. आई फोनवर म्हणाली, "कागद दाखवायला नको होतेस. तू एकटी आहेस, तुझं कसंही निभलं असतं. त्याला दोन मुलं आहेत."

महिन्याभराने ती ऑपरेटरच्या घरी गेली. त्याच्या बायकोने आत घेतलं. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, चेहरा उजेडाकडे करून.

"आठवडाभर पंप धापा टाकत होता," तो म्हणाला. "मी वरच्या साहेबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, नव्व्याण्णव टक्के परत येतंय, तुझ्या कानांवर विश्वास ठेवायचा का वहीवर? त्या वहीत चूक आहे हे कुणाला माहीत होतं का हो?"

"मला होतं. मीच लिहिली ती."

आतल्या खोलीत बायकोच्या हातातलं भांड्यांचं काम थांबलं.

"मग आता माझ्याकडे कशाला आलात?" त्याने आवाज न चढवता विचारलं.

बायको बाहेर आली, तिने दार उघडलं आणि हिची चप्पल घालून होईपर्यंत ते धरून उभी राहिली.