चौथी ओळ

माणिकपूरला चर्चच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर लतिकाचा दातांचा दवाखाना होता. दोन हजार पाच सालच्या श्रावणात भुईगावचे हिरामणकाका गाल धरून तिच्याकडे आले. साठीचा माणूस, केळी आणि पानवेलींची वाडी असलेला. दाढ पार किडली होती. खुर्चीत बसताना त्यांनी सांगितलं, की मे महिन्यात मुंबईला अँजिओप्लास्टी झालीय. मांडीतून नळी घालून हृदयाच्या नसेत स्प्रिंग बसवलीय.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?"

"दोन आहेत. एक दिवस चुकवत नाही."

अशा पेशंटचं रक्त थांबत नाही, गोळ्या बंद करूनच दाढ काढावी, असं लतिका कॉलेजात शिकली होती. हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करावा असं तिच्या मनात आलंही. पण बाहेर पाच पेशंट बसले होते. तिने कागदावर लिहून दिलं : दोन्ही गोळ्या सात दिवस बंद.

पाचव्या दिवशी तिने दाढ काढली. जेमतेम चमचाभर रक्त आलं. काका कापसाचा बोळा दाताखाली धरून, हात जोडून गेले. नंतर ते दाखवायला आले नाहीत, तेव्हा बरं वाटलं असेल म्हणून ती विसरून गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, मग थांबणं. मग तीन, पुन्हा थांबणं. बऱ्याच वेळाने दारात जो माणूस उभा राहिला, त्याला तिने पटकन ओळखलं नाही. गळ्याची हाडं वर आली होती, पाय सुजले होते.

"काका? काय झालं हो?"

"दाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी ॲटॅक आला. स्प्रिंग आतून बंद झाली म्हणाले. परत नळी घातली, म्हणून वाचलो." त्यांनी पिशवीतून फाइल काढली. "इंग्रजीत आहे, बाई. जरा वाचून सांगा."

तिने कागद हातात घेतला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की रक्त पातळ करणारी औषधं मध्येच बंद केल्याने स्टेंटमध्ये, म्हणजे त्या स्प्रिंगमध्ये, गुठळी झाली. लतिकाने तिसरी ओळ सांगितली आणि तिथून थेट पाचवी.

"हृदयाचा पंप पंचवीस टक्केच चालतोय, काका. मीठ कमी खा. जड उचलू नका."

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

काकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, फाइल पिशवीत घातली आणि गेले.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी यायला लागले. कधी दात शिवशिवतो म्हणून, कधी नुसतेच. निघताना फाइल पुढे करायचे. "परत एकदा वाचा. विसरायला होतं." आणि लतिका दर वेळी ती ओळ गाळायची. डिसेंबरात तिने एका डॉक्टर मित्राकडून हृदयविकारावरचं मासिक आणलं. अशा गोळ्या निदान काही महिने तरी कुठल्याही कारणाने थांबवू नयेत, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. ते पान तिने तीनदा वाचलं.

मग काका नसतानाही पावलं वाजू लागली. कुणाच्या दाताला मशीन लावलेलं असताना तिचा हात थांबायचा, ती कान द्यायची. चार पायऱ्या, मग शांतता.

"इनेझ, काका आलेत का बघ."

तिची मदतनीस इनेझ बाहेर डोकावून यायची. "जिन्यात कोणी नाही, मॅडम."

दोन-तीनदा इनेझ हसली, नंतर हसेनाशी झाली. घरी नवरा कौस्तुभ भाजीत मीठ नाही म्हणाला तरी लतिका दचकायची.

फेब्रुवारीत एक बाई आल्या. त्यांच्याही नसेत स्प्रिंग होती, त्यांचीही दाढ काढायची होती. लतिकाने पेन उचललं, आणि तिला एक अक्षर लिहिता येईना. तिने बाईंना त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर आणायला सांगितलं, दवाखाना बंद केला आणि रिक्षा करून भुईगावला गेली.

काका ओट्यावर बसले होते. शेजारी द्वारकाकाकू विड्याची पानं चळतीत लावत होत्या. लतिका बसली नाही.

"काका, त्या कागदातली चौथी ओळ मी तुम्हाला कधीच वाचून दाखवली नाही. गोळ्या बंद केल्यामुळे गुठळी झाली, असं लिहिलंय. आणि त्या मी बंद करायला लावल्या होत्या."

काकूंचे हात थांबले. काका म्हणाले, "ऋतिकाने वाचली ती. आमची नात, बारावीला आहे. मुंबईहून घरी आलो त्याच दिवशी वाचली."

"मग तुम्ही माझ्याकडे कशाला..."

"तुम्ही कधी वाचता ते बघायला. सोळा पायऱ्या आहेत तुमच्या जिन्याला."

"मी सांगत होते, नका जाऊ," काकू म्हणाल्या. "जिन्यातच जीव जायचा म्हणून."

"मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणी बंद करायला सांगितल्या? मी म्हटलं, मीच बंद केल्या. वाटलं, बाई शिकलेली आहे, आपल्या तोंडाने बोलेल."

"माफ करा मला."

"ते मला जमेलसं वाटत नाही," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण आता मी तुमच्याकडे येणार नाही."

ते आले नाहीत. लतिकाच मग दर बुधवारी भुईगावला जाऊ लागली. पायांची सूज बघायची, औषधांचं पाकीट तपासायची. काका तपासू द्यायचे, बोलायचे मात्र कमीच. दवाखान्यात असा पेशंट आला की ती आता प्रत्येक वेळी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायची. एवढ्यासाठी कशाला त्रास देता, असं दोन डॉक्टर तिच्यावर खेकसले, तरी करायची.

पुढच्या पावसाळ्यात हिरामणकाका वाडीतच गेले, खुर्चीत बसल्या जागी. लतिका पोचली तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. काकूंच्या बहिणीने तिच्याकडे पाहून हळूच विचारलं, "ह्या कोण?"

काकूंनी मान वर केली.

"दातांच्या डॉक्टर. हे त्यांच्याकडे जायचे," त्या म्हणाल्या, आणि सरकून तिला बसायला जागा दिली.