आधी गाडी, मग तू

गाडी ट्रेलरवर चढवून परगावी कशी पाठवायची, हे आता मला कोणीही विचारावं. आधी ती धुवून घ्यायची. लोकांना वाटतं शोभेसाठी, तसं नाही. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत, आणि मग ते कोणी पाडले यावरून तू तू मैं मैं होते. टाकी मात्र भरायची नाही, चढण्या-उतरण्यापुरतं पेट्रोल पुरे. ट्रेलर सांगितल्या दिवशी येईल ही आशा सोडून द्यायची, कारण भरल्याशिवाय तो हलत नाही. आणि गाडीत आपली एक काडीसुद्धा ठेवायची नाही. हरवली तर ट्रेलरवाले हात वर करतात.

मला हे सगळं फोनवर आमच्या चिरंजीवांनी सांगितलं. हे गेल्यापासून गाडी खालीच उभी होती. मला चालवता येत नाही; "शिकवतो, शिकवतो" म्हणत ह्यांनी जन्म काढला. चिरंजीव म्हणाले, "आई, गाडी इकडे पाठव. मला रोज कामावर जायला होईल. आधी गाडी येऊ दे, मग तू ये. कायमची."

"म्हणजे वरातीमागून घोडं," मी म्हटलं. तो हसला.

मीही हसण्यावारी नेलं, पण ते 'कायमची' मी घट्ट धरून बसले होते. घर भाड्याचं, नातलग पांगलेले, आणि संध्याकाळ झाली की भिंती अंगावर यायच्या. मी दुसऱ्याच दिवशी घरमालकिणीला सांगून टाकलं, महिनाअखेर घर सोडते, मुलाकडे चालले. सांगताना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही होत नव्हतं, जेवणाचंही नाही आणि झोपेचंही नाही.

ट्रेलर आला तो गल्लीत शिरेना. नाक्यावर उभा राहिला आणि ट्रेलरवाला चालत आला. मोबाईल काढून गाडीभोवती फिरत फोटो घेऊ लागला.

"काकू, हा पोचा जुनाच ना?"

"जुनाच. तो गेटचा."

"आणि हा?"

"तो शेजाऱ्यांच्या भिंतीचा. पलीकडचा खांबाचा. ह्यांना गाडी मागे घेता यायची नाही. जन्मभर पुढेच गेले."

तो हसला. मी पाढे म्हणावेत तसे पोचे सांगत गेले. रडू येईल म्हणून हातात रुमाल घेऊन उतरले होते. तो कोराच राहिला. मग त्याने विचारलं, "तिकडे पोच कोण देणार?"

"पोच?"

"म्हणजे गाडी उतरवून कोण घेणार? बघून, ठीक आहे म्हणून सही करावी लागते."

"माझा मुलगा."

त्याने मोबाईलवर वरखाली केलं. "इथं तर यार्डाच्या मॅनेजरचा नंबर आहे."

"कसलं यार्ड?"

"जुन्या गाड्या विकतात तिथं. दर खेपेला एखाद-दुसरी उतरवतोच मी. तुमचं गिऱ्हाईक ठरलेलं दिसतंय, काकू. लवकर पाठवा, पार्टी थांबलीय, असं सांगितलंय."

पोच नसलेला माणूस म्हणतात तो हा, असं मनात आलं. पण तो बिचारा खोटं काय बोलला होता? माझा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "चढवली नाही अजून. नको असेल तर आत्ताच सांगा. एकदा बेल्ट आवळले की मग माझ्या हातात नाही."

किल्ली माझ्या मुठीत होती. मुलाला तिथल्या तिथे फोन लावता आला असता. पण विचारलं असतं तर त्याने काहीतरी कारण सांगितलं असतं, आणि आई म्हणून ते मला खरं मानावं लागलं असतं. शिवाय असेल त्याची काही अडचण. गाडी विकल्याचं मला काही वाटलंच नाही. गाडी विकली तर विकली. मला एवढंच कळेना, की 'आधी गाडी, मग तू' या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा असेल तर दुसऱ्याचं काय.

"चढवा," मी म्हटलं आणि किल्ली दिली.

त्याने गाडी नाक्यापर्यंत नेली, एका झटक्यात फळीवरून वर घातली आणि चारही चाकं पट्ट्यांनी बांधली. मी घरी आले, गार झालेला चहा तसाच प्यायले.

पुढच्या आठवड्यात चिरंजीवांचा फोन आला. "आई, गाडी पोचली बरं का!"

"कशी आहे?"

"एकदम मस्त. आत्ताच एक चक्कर मारून आलो."

"बरं झालं. अरे, पुढच्या खणात बाबांचा चष्मा राहिलाय बघ." असं का म्हटलं कोणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

"हो हो, मिळाला ना. जपून ठेवलाय. तू आलीस की देतो."

"कधी येऊ मग?"

"बघू या. इथलं जरा मार्गी लागलं की कळवतो."

फोन ठेवला. ह्यांना चष्मा कधी लागलाच नव्हता. शेवटच्या दिवसांतसुद्धा माझ्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. मुलाला एवढंही आठवू नये याचं मला इतकं वाईट वाटलं, की इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी पदरात तोंड घालून रडून घेतलं.

मग तोंड धुतलं आणि खाली घरमालकिणीकडे गेले. तिला म्हटलं, मी घर सोडत नाही.

"अहो, पण मुलाने बोलावलंय ना तुम्हाला?"

"बोलावलंय की," मी म्हटलं. "रोज फोन करतो. मीच जात नाही."